चंदरची जागा

तळ्याचं नाव मी सांगणार नाही. बाबांनी तसं बजावून ठेवलंय, आणि बाबा गेले म्हणून ती ताकीद रद्द होत नाही. एवढंच सांगते, की एर्लांगेनहून गाडी काढायची, म्युनिक मागे टाकायचं, आणि डोंगर दिसायला लागले की काच खाली करायची. पाण्याचा वास आला की पोचलात. तळं मोठं आहे; धुक्याच्या दिवशी पलीकडचं गाव नसतंच मुळी. एवढ्या पाण्यात बाकीचे मासे हवे तेवढे. त्सांडर तेवढा नाही. म्हणजे आहे, पण नसल्यात जमा. आमची होडी ज्यांच्या शेडमध्ये असते ते हेर लेखनर, म्हणजे आपल्याकडचे लेखनरसाहेब, जन्मभर त्या काठावर राहिलेले. त्यांना अजूनही त्सांडरबद्दल विचारलं की ते हात झटकतात. "इथे? छे! तुझे वडील आणायचे खरे. कुठून आणायचे, ते त्यांनाच ठाऊक."

या सप्टेंबरात मी शेडचं दार उघडलं, तेव्हा बाबांना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. दार फुगलेलं, खांद्याने ढकलावं लागलं. आत तोच वास. ओलं लाकूड, डांबर, कुबट दोर, आणि त्या सगळ्याच्या तळाशी थोडीशी हळद. हळद तिथे कुठून आली, असं कुणी जर्मन माणसाने विचारलं तर काय सांगणार? बाबा मासा काठावरच साफ करायचे, तुकड्यांना मीठ-हळद लावून स्टीलच्या डब्यात भरायचे, आणि मगच गाडीत बसायचे. डबा फळीवर तसाच होता. मी त्याला हात लावला नाही. होडीवरचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं आणि तिथेच बाकावर बसून चांगली भरपूर रडले, मग नाक पुसलं आणि कामाला लागले.

कारण मी रडायला गेलेच नव्हते. मला एक त्सांडर हवा होता. आईसाठी.

बाबा गेल्यापासून आईने मासा सोडला. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी एकदा ताजी मच्छी घेऊन गेले तर पिशवीकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही खा. मला वरणभात पुरे." मी चिडले. हे कुठलं शास्त्र, आणि कुणाच्या आजीच्या काळचं, म्हणून भांडले. आई भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "शास्त्र नाही गं. चवच लागत नाही." पेणची माझी आई, जिताड्याच्या वासाने झोपेतून उठणारी. वरणभातसुद्धा चिमणीएवढा खायला लागली. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बोलणंही तसंच कमी कमी होत गेलं. फोनवर "हं", "बरं", "ठेवते". मी फारच पाठी लागले तेव्हा एकदा म्हणाली, "आणायचाच असेल तर चंदर आण. यांच्या जागेवरचा. मग बघू."

मला गप्प बसवायला म्हणाली, हे मला कळत होतं. मी गप्प बसणाऱ्यातली नाही, हे तिलाही माहीत असायला हवं होतं.

चंदर म्हणजे त्सांडर. बाबा जर्मनांसारखं नीट त्सांडर म्हणायचे, पण आईच्या जिभेने पहिल्याच दिवशी त्याचा चंदर करून टाकला आणि मग आमच्या घरात तो चंदरच राहिला. "चंदर मिळाला का हो?" असं ती काठावरून ओरडायची, तेव्हा शेजारच्या होडीतल्या लोकांना वाटत असेल की आमचा कुणी नातेवाईक तळ्यात हरवलाय. तिच्या मते हा जिताड्याचा मावसभाऊ. तसंच पांढरं, घट्ट मांस, तसाच काट्यांना सोपा. "फक्त समुद्र बघितला नाही बिचाऱ्याने," असं म्हणायची.

माझं लहानपण एर्लांगेनमध्ये गेलं, पण मला आठवतं ते सगळं तळ्यावरचं. शनिवारी पहाटे उठायचं. आईने रात्रीच तिखट-मिठाच्या पुऱ्या करून ठेवलेल्या, आणि त्यांच्या वासाने गाडीत मला पुन्हा झोप लागायची. थर्मासमध्ये आल्याचा चहा. वाटेत एका बेकरीशी गाडी थांबायची. बाबा गरम ब्रेत्झेल, तो पीळ घातलेला पाव, आणायचे आणि त्यावरचं जाड मीठ आई रुमालावर झटकून टाकायची. "काय हे, तोंड खारट करून ठेवतात," हे वाक्य दर शनिवारी त्याच वळणावर. मग बाबा तिच्या रुमालावरचं मीठ बोटाने टिपून खायचे. मला त्या गाडीत कधीच कंटाळा आला नाही.

काठावर पोचलो की आईची घडीची खुर्ची आधी उतरायची. होडीत ती कधी बसली नाही. पाणी बघायला आवडतं, पाण्यावर बसायला नाही, असं तिचं म्हणणं. गवताच्या उतारावर, वेतासारख्या उंच गवतात जिथे फट होती तिथे, बाबा तिची खुर्ची स्वतः मांडायचे. मागे-पुढे सरकवून, पाय दाबून. मग म्हणायचे, "इथेच बस हं. हलू नकोस. हललीस तर मला दिसणार नाहीस." आई डोळे मोठे करायची, पण हलायची नाही. तिने स्वतः विणलेला लाल स्वेटर घालून, मांडीवर कधीचा तरी शिळा दिवाळी अंक घेऊन ती तिथे संध्याकाळपर्यंत बसायची. मैत्रिणींना सांगायची, "अहो, आमच्याकडे मासेमारी म्हणजे ते तिकडून माझ्याकडे बघतात, आणि मी इकडून त्यांच्याकडे." सांगताना थोडी लाजायची. तेवढं मला लहानपणीही दिसायचं.

होडीत एक नियम होता. फक्त मराठी. मी तोवर शाळेतून घरी आले की जर्मनमध्येच उत्तरं देणारी झाले होते; आई मराठीत विचारणार, मी जर्मनमध्ये बोलणार, असा आमचा संसार चाले. बाबांनी घरात कधी हटकलं नाही. होडीत मात्र म्हणाले, "हे बघ, इथले मासे जर्मन. जर्मन ऐकलं की सावध होतात. मराठी त्यांना कळत नाही, म्हणून आपलं फावतं." मी विश्वास ठेवला. चांगली मोठी होईपर्यंत ठेवला! शब्द अडला की मी गप्प बसायचे आणि बाबा शांतपणे वल्हं मारत थांबायचे. गळ, वल्हं, नांगर, लाट, ओढ, ढिला सोड, घट्ट धर. पुढे राग, हेवा, अभ्यास, मैत्रीण, पहिला मुलगा जो मला आवडला, हे सगळं मी त्या होडीतच मराठीत बोलायला शिकले. आज जे काही लिहितेय ते त्या पाण्यावरचं आहे.

आणि जागा शोधायची त्यांची रीत. बाबा अलिबागकडचे, किनाऱ्यावरच्या गावातले. यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. विजेच्या मोठ्या कंपनीत उभा जन्म यंत्रं केली, तेवढी बस झाली म्हणायचे. त्यांची विद्या गावच्या कोळ्यांची. पाण्यात रस्ते नसतात, पाट्या नसतात, म्हणून काठावरच्या दोन खुणा एकामागे एक आणायच्या. एक जवळची, एक लांबची. त्या जुळल्या की आपण एका रेघेवर आलो. मग दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा. त्या जुळल्या की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे नांगर. आमच्या तळ्यात खाली एक खडकाळ उंचवटा आहे, वरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि त्याच्या कडेला चंदर उभा असतो. होडी चार हात इकडेतिकडे झाली की खाली नुसता चिखल आणि तुम्ही दिवसभर पाण्याला नमस्कार करत बसा.

पहिली रेघ मला पाठ होती. उत्तरेकडच्या चर्चचा कांद्यासारखा घुमट जुन्या वीटभट्टीच्या धुराड्यामागे गेला पाहिजे. "झाकला!" असं ओरडायचं काम माझं. मग बाबा त्याच रेघेवरून होडी सावकाश मागे घ्यायचे, काठाकडे वळून बघायचे, हात वर करायचे. लांबवर लाल ठिपक्यातून एक हात वर यायचा. "हं. बसली देवळाखाली," असं काहीतरी पुटपुटायचे आणि म्हणायचे, "टाक नांगर."

खुणांचे नियमही होते. एकदा मी मोठ्या उत्साहाने काठावरच्या गाईकडे बोट दाखवलं, म्हटलं, बाबा, ती खूण घेऊ या. एवढे हसले, होडी हलली. "अगं, खूण कधी हलती घ्यायची नाही. गाय नाही, होडी नाही, आणि माणूस तर मुळीच नाही. गाय चरायला गेली की तुझा मासा गेला. देऊळ, झाड, खांब, असलं घ्यावं. आपल्या जागेवर गप्प उभं राहणारं."

चंदर लागतो तेव्हा ओढत नाही. टक् करतो. दारावर कुणी एका बोटाने वाजवावं तसं, दोरीतून हातात येतं. आतल्या आत. "आला पाहुणा," बाबा म्हणायचे आणि लगेच मनगट उचलायचे, कारण हा पाहुणा दार उघडेपर्यंत थांबत नाही. जाळीतून वर आला की आधी दिसायचे ते डोळे, काचेच्या गोटीसारखे, मागून दिवा लावल्यासारखे. मग पाठीवरचे उभे काटे. एका संपूर्ण वर्षात दोन-तीनदा, कधी तेवढंही नाही. पण मिळाला की काठावर येईपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोलायचो नाही. बाबा नुसता हात वर करायचे, दोनदा. आणि लाल ठिपका उठून उभा राहायचा.

दोन वेळा तळं आम्हाला बंद असायचं. एक वसंतातली जर्मनांची बंदी, त्सांडर अंडी घालतो तेव्हाची. दुसरी आमची: श्रावण. श्रावणात घरात मासा नाही, आणि धरून सोडून द्यायचा म्हटलं तर ते इथल्या कायद्याला चालत नाही. मापात बसलेला मासा खेळ म्हणून धरायचा नसतो. बाबांना दोन्ही नियम मान्य होते. ते गळ घरी ठेवायचे आणि तरी तळ्यावर जायचे. आई काठावर तीच खुर्ची, तोच स्वेटर, डब्यात साबुदाण्याची खिचडी. आम्ही वल्हवत जायचो, खुणा जुळवायचो, नांगर टाकायचो आणि रिकाम्या हाताने बसायचो. मी एकदा वैतागून विचारलं, "मासे धरायचे नाहीत तर आलो कशाला?" म्हणाले, "मधेमधे यावं लागतं. नाहीतर जागा आपल्याला विसरते." पाण्यावर चर्चची घंटा यायची, बदकं होडीला चिकटून जायची, बाबा डोळे मिटून बसायचे. मला आता वाटतं, वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच होते.

आणि चंदर मिळालेल्या रविवारचं घर! आमसुलं भिजत घातलेली, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, पाठच्या फ्लॅटमधल्या फ्राऊ बाउअर खिडकी उघडून विचारायच्या, आज काय आहे? तुकड्या तांदळाच्या पिठीत घोळून तव्यावर, आणि डोक्याचं आंबट-तिखट कालवण. डोकं बाबा उचलून आईच्या ताटात ठेवायचे. "तू खा, अक्कल येईल." "मला आलीय ती तुमच्याशी लग्न केल्यावर गेली," आई म्हणायची आणि कल्ल्यांपासून सुरुवात करायची. एक हाड सोडायची नाही. गालातलं मांस बोटाने अलगद काढून माझ्या भातावर ठेवायची. नखांना दोन दिवस तो वास राहायचा आणि मी शाळेत हात खिशात घालून बसायचे. आता वाटतं, कशाला लपवले?

तर या सप्टेंबरात मी एकटी तळ्यावर गेले. माझा नवरा यान मदतीला यायला तयार होता, पण त्याचं मराठी "पुरे" आणि "चल"च्या पुढे जात नाही, आणि होडीचा नियम मी मोडणार नव्हते. त्याने मला पाण्याखालचं दाखवणारं यंत्र मात्र आणून दिलं. मी बाबांची मनात माफी मागितली आणि ते लावलं. पडद्यावर उंचवटे किती तरी. इथे एक, तिथे एक, खाली मासेही दिसत होते, पिवळ्या रेघांचे. एकेका ठिकाणी थांबून रबरी मासा तळाशी नाचवला. हाताला लागले ते चपटे, बुळबुळीत ब्राखसे मासे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. घुमट धुराड्यामागे बरोब्बर झाकला जात होता. पण रेघ म्हणजे जागा नव्हे. त्या एका रेघेवर मी वेड्यासारखी मागे-पुढे करत राहिले. दुसरी रेघ मला आठवतच नव्हती. लहानपणापासून हजार वेळा बघितलेली गोष्ट, आणि डोक्यात नुसती कोरी पाटी.

संध्याकाळी परत आले की हेर लेखनर शेडच्या दारात. "आल्झो, मग काय ठरलं? तुमच्या लीगेप्लात्सवर खूप लोक डोळा ठेवून आहेत." होडी बांधायची जागा म्हणजे तळ्यावर सोन्याचा तुकडा. सीझन संपेपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. आई कधीच म्हणाली होती, देऊन टाक. मी म्हटलं, अजून थोडे दिवस. ते "बरं, बरं" म्हणाले, पण खांदे उडवून.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ऊन असं स्वच्छ पडलं होतं की पलीकडच्या गावातल्या खिडक्या दिसत होत्या. मी घुमट झाकला, रेघेवर आले, वल्ही थांबवली. आणि सवयीने, काहीही विचार न करता, काठाकडे वळून हात वर केला.

काठावर कुणी नव्हतं. हिरवा-पिवळा उतार आणि वर टेकडीवरची पांढरी कापेल, ते छोटंसं देऊळ. हात तसाच वर राहिला. देऊळ. बसली देवळाखाली. अगं बाई! मला आयुष्यभर वाटत होतं बाबा तिला टाटा करतायत. टाटा करत असतीलही. पण दुसरी रेघ ती होती. लाल स्वेटर बरोब्बर कापेलच्या खाली आला की नांगर. बाबांची दुसरी खूण आई होती.

खुर्ची नेमकी कुठे असायची? उंच गवत वाढलेलं, फटी चार-पाच. मला सांगता येईना. हे फक्त तिलाच माहीत.

त्या संध्याकाळी तडक आईकडे गेले. ती दुधाचा कप हातात धरून टीव्हीसमोर, आवाज बंद. मी कोटही न काढता सांगितलं. दोन रेघा, देऊळ, लाल स्वेटर, सगळं. मला वाटलं तिचे डोळे भरतील. तिने कप असा ठेवला की दूध बशीत सांडलं.

"म्हणजे मला खूण म्हणून बसवत होते?"

"आई, तसं नाही..."

"तसंच आहे! एवढी वर्षं मी थंडीत काकडत बसले. पाय बधिर व्हायचे, उठायची नाही. का? तर म्हणे हललीस तर दिसणार नाहीस. मी आपली मैत्रिणींना सांगतेय, माझ्याकडे बघत असतात! आणि हे चंदर मोजत होते! खांब होते होय मी? दगड होते?"

दीड वर्षात तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. गाल लाल झाले होते. बाबांच्या फोटोकडे वळून म्हणाली, "अहो, सांगितलं असतंत तर काय झालं असतं? नसते बसले होय?" आणि मग माझ्यावर, "उद्या किती वाजता निघायचं? बघतेच मी तुमची ती रेघ." मी आनंदाने ओरडायचीच बाकी होते, पण तोंड गंभीर ठेवलं.

रविवारी पहाटेच निघालो. बेकरीशी मी ब्रेत्झेल आणला. तिने मीठ रुमालावर झटकलं आणि रुमालाकडे बघत राहिली. मग रुमालाची पुरचुंडी करून पर्समध्ये ठेवली.

काठावर मी खुर्ची घेऊन उभी, आणि ती साडी सावरत गवतातून चालत गेली. थांबली. चार पावलं मागे आली. पायाने जमीन चाचपली. "इथे. इथे एक मूळ आहे, खुर्चीचा पाय त्याला टेकवायचे." मूळ होतं. खुर्ची मांडली. लाल स्वेटर तिला आता सैल होतो, दोन्ही बाह्या दुमडाव्या लागल्या. दिवाळी अंक आणला नव्हता. फोन कानाला लावून बसली आणि मी वल्हवत निघाले.

"हलू का मी?" थोड्या वेळाने फोनमधून आवाज.

"नको, नको! अजिबात हलू नकोस."

"हं. हेच म्हणायचे," ती म्हणाली.

घुमट झाकला. मी रेघेवरून सावकाश मागे सरकत गेले. लाल ठिपका कापेलच्या डावीकडे होता, मग जवळ, मग अगदी खाली. मी हात वर केला. ठिपक्यातून हात वर आला. नांगर सोडला, आणि तो चिखलात रुतला नाही. खडकावर खरवडल्याचा आवाज दोरातून वर आला. जागा विसरली नव्हती.

ऊन उतरेपर्यंत काही नाही. फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता. दोघींनीही ठेवला नव्हता. डोंगरांवर लाली आली. मग दोरीतून टक्. एकदाच. मी मनगट उचललं आणि तोंडातून निघालं, "आई, आला पाहुणा!" पलीकडून, "ढील दे गं, घाई करू नकोस, घाई करू नकोस," असा धोशा, जशी काही तिनेच आयुष्यभर गळ टाकला होता. जाळीत आला तेव्हा तेच डोळे. मापात चांगला बसत होता. मी त्याला चटकन, बाबांनी शिकवलं तसं, न हाल करता शांत केलं. उभी राहून हात वर केला, दोनदा. लाल ठिपका उठून उभा राहिला.

आणि ती उठली तेव्हा मला ते दिसलं. ती खुर्चीतून बाजूला झाली तशी माझी नजर लाल रंगावरून सुटली, आणि तिच्या मागे, अगदी त्याच ठिकाणी, कापेलच्या बरोब्बर खाली, एक पांढरा खांब. होड्यांच्या क्लबचा, निशाण लावायचा. गंजलेला, जुना, मी लहान असल्यापासूनचा, म्हणूनच कधी नजरेत न भरलेला. कधीही न हलणारा, थंडी न वाजणारा, चहा प्यायला न उठणारा. बाबांच्या नियमात चपखल बसणारा. हा खांब समोर असताना त्या माणसाने माणूस खूण घेतली होती.

काठावर येऊन मी आईला खांब दाखवला. गाईची गोष्ट सांगितली, हलती खूण घ्यायची नाही ते सांगितलं. म्हटलं, आई, त्यांना तुझी गरज नव्हती. खांब होता. तिने मागे वळून खांबाकडे बघितलं. खूप वेळ. मग नाक ओढलं आणि म्हणाली, "नियम दुसऱ्यांना सांगायला होते वाटतं." डोळे पुसायला पर्समधला रुमाल काढला, त्यातलं मीठ गालाला लागलं, आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो की रडता रडता हसलो, कोण जाणे. डबा मी शेडमधून आणला. मीठ-हळद तिने लावली.

रात्रीच तिने आमसुलं काढली. कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज विसरलेल्या त्या स्वयंपाकघरात तवा चर्र करत होता. मी ताटं घेतली आणि डोकं उचलून तिच्या ताटात ठेवलं. म्हटलं काहीच नाही. ते वाक्य माझं नव्हे. तिने ताटाकडे बघितलं. एक भाताचा घास बाजूला काढला. मग कल्ल्यांपासून सुरुवात केली. सावकाश, एकेक हाड बोटांनी साफ करत. मी माझा घास हातात धरून बघत होते. गालातलं मांस तिने अलगद सोडवलं, माझ्या भातावर ठेवायला हात पुढे केला, मधेच थांबली, आणि स्वतःच्या तोंडात घातलं.

"मीठ थोडं कमी पडलं," ती म्हणाली.

मग आणखी भात मागितला.

मी भांडी घासत होते तेव्हा ती हात पुसत मागे येऊन उभी राहिली. म्हटलं, हेर लेखनरना उद्या फोन करून सांगते, जागा सोडत नाही म्हणून. आता खांब सापडलाय, मी एकटीही जाऊ शकते. तुला थंडीत बसायला नको. ती वळली. बाथरूममध्ये गेली. पाण्याचा आवाज आला, साबणाचा वास आला. मग दारातून डोकं काढून विचारलं, "अगं, लाल स्वेटर हाताने धुतलाय. शनिवारपर्यंत वाळेल ना?"